54 सेकंदांचा हिशेब

जव्हार गावाजवळ शिरपामाळ आहे. 1664 च्या सुरत स्वारीवर जाताना शिवाजी महाराज या माळावर थांबले, जव्हारचे राजे विक्रमशाह मुकणे यांनी इथे त्यांचं स्वागत करून शिरपेचात मानाचा तुरा खोवला, ही आठवण इथली माणसं अजून अभिमानाने सांगतात. माळावर स्मारक आहे, मोकळं रान आहे, वारा आहे. जव्हार-मोखाड्याच्या चढउतारांत सपाट जागा तशी कमीच. म्हणून पोलीस भरतीची जाहिरात निघाली की तालुक्यातली पोरं-पोरी पहाटे असे माळ शोधतात. मुलांना 1600 मीटर धावायचं, मुलींना 800, शिवाय सगळ्यांना 100 मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे गुण 50. डोंगरातल्या पोरांना मैदानाची भीती नसते. त्यांचं अडतं लेखीला, आणि लेखीत गणिताला.

त्या गणितावरचा हा वाद. वाद घालणारे दोघे मी जुळवलेले आहेत; पण असे दोघे या भागात कुठल्याही गावात भेटतील. एक गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. दुसरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. स्वतः भरतीची तयारी करते आणि संध्याकाळी समाजमंदिरात लहान-मोठ्या पोरांना जमवून सराव घेते. पोरं तिला ताई म्हणतात. गुरुजी तिला ‘बाय’ म्हणतात, या बाजूला मुलीला म्हणतात तसं.

गुरुजी: बाय, तुझ्या पोरांच्या वह्या बघितल्या. प्रश्न लिहिलाय, खाली उत्तराचा आकडा आहे. मधलं गणित कुठे गेलं?

ताई: मधलं डोक्यात, गुरुजी. लेखी 100 प्रश्नांची, वेळ 90 मिनिटं. एका प्रश्नाला 54 सेकंद. त्यातच वाचायचं, सोडवायचं आणि उत्तरपत्रिकेवरचा गोल काळा करायचा. ‘समजा मूळ किंमत क्ष मानू’ लिहीपर्यंत पंधरा सेकंद जातात.

गुरुजी: सगळ्या प्रश्नांना सारखाच वेळ लागतो का? व्याकरणाचा प्रश्न येत असला तर वीस सेकंदांत होतो, येत नसला तर तासभर बघत बसलीस तरी येत नाही. तिथला वेळ गणिताला दे.

ताई: देतेच की. तरी गणिताला सव्वा मिनिटाच्या वर काही मिळत नाही. एमपीएससीच्या ‘गट ब’ संयुक्त पूर्व परीक्षेला तर 100 प्रश्नांना एकच तास. 36 सेकंद! बँकेच्या पूर्व परीक्षेत गणिताचे 35 प्रश्न 20 मिनिटांत. आणि तिथे तर ‘प्रश्नचिन्हाच्या जागी अंदाजे कोणती किंमत येईल’ असंच विचारतात. परीक्षा घेणाराच अदमास मागतोय, मग तुम्ही का अडता?

गुरुजी: मागू दे. मी एक गणित घालतो. 4987 चे 24.9 टक्के किती?

ताई: पर्याय द्या आधी. पर्यायांशिवाय परीक्षा नसते.

गुरुजी: घे. 987.43, 1241.76, 1498.26, 1739.52.

ताई: 4987 म्हणजे 5000 ला थोडे कमी. 24.9 टक्के म्हणजे पाव धरा. 5000 चा पाव 1250. दोन्ही आकडे आपण वाढवून घेतले, म्हणजे खरं उत्तर 1250 च्या जरा खाली. दुसरा पर्याय. दहा सेकंदही लागले नाहीत.

गुरुजी: शाबास. आता प्रश्न तोच, पर्याय माझे. 1241.763, 1241.673, 1241.736, 1247.163. लाव अदमास.

ताई: हे... हे मुद्दाम केलंत तुम्ही.

गुरुजी: पेपर काढणारा काय चुकून करतो?

ताई: थांबा. 1250 धरले ते वाढवून. वाढवलेलं काढून टाकायचं. 13 जास्त धरले, त्याचा पाव सव्वातीन. टक्का 0.1 ने जास्त धरला, त्याचे 5000 वर पाच. सव्वाआठ वजा. 1241.75 च्या आसपास. म्हणजे 1247 वाला गेला.

गुरुजी: राहिले तीन.

ताई: राहिले तीन. ते शेवटच्या अंकांनी. 87 गुणिले 49, 4263. म्हणजे शेवटी 63 पाहिजे. 1241.763.

गुरुजी: बरोबर. पण हे काही अदमासाने आलं नाही.

ताई: अर्धं आलं.

गुरुजी: मग अर्धंच म्हण. आणि तुझी पोरं काय करतील सांगू? त्यांना कुणीतरी नऊचा ताळा शिकवलाय, ती तोच लावतील. 4987 च्या अंकांची बेरीज 28, त्याची 10, त्याची 1. 249 ची 15, त्याची 6. गुणाकाराचा ताळा 6. आता माझ्या चारही पर्यायांच्या अंकांची बेरीज कर.

ताई: 24... 24... 24... चौथ्याचीही 24! सगळ्यांचा ताळा 6.

गुरुजी: आकडे तेच, जागा बदललेल्या. ताळा तिथे आंधळा होतो. झटपट रीत शिकवणाऱ्याने ती कुठे फसते तेही शिकवावं. ते कुणी शिकवत नाही, कारण ते झटपट नाही.

(इथे मी मध्ये तोंड घालतो. या चार ओळींत अदमासाच्या सगळ्या विद्येचं मूळ आहे. बाजारातली पुस्तकं आणि मोबाईलवरचे सर ‘ट्रिक’ विकतात, जणू ती प्रत्येक प्रश्नाला सारखीच लागू. खरं तर प्रश्नाच्या आधी पर्याय वाचायचे असतात. पहिल्या संचात दोन शेजारच्या पर्यायांत दोन-अडीचशेचं अंतर होतं, आणि ताईचा अदमास चुकला होता सव्वाआठने. दुसऱ्या संचातल्या तीन पर्यायांत अंतर होतं काही शतांशांचं. किती ढोबळ चालेल हे प्रश्न सांगत नाही, पर्याय सांगतात. पेपर काढणाऱ्याने पर्याय लांब ठेवले तर त्याला समज तपासायची आहे, चिकटून ठेवले तर आकडेमोड. पोरांना हे दोन नमुने शेजारी शेजारी ठेवून दाखवावेत, बाकी व्याख्यानाची गरज नाही.)

ताई: मी पोरांना हेच सांगते. आणि आकडा वाढवायचा की घटवायचा, तेही. 47 गुणिले 33 आलं आणि दोघांनाही वर ढकललं, 50 गुणिले 35, तर येतात 1750. खरं उत्तर 1551. गेलं पोरगं. गुणाकारात एकाला वर नेलं तर दुसऱ्याला खाली आणायचं. 50 गुणिले 30, 1500. जवळ आलं.

गुरुजी: आणि भागाकारात?

ताई: भागाकारात दोघांना एकाच बाजूला. 5973 भागिले 29.8. दोघांनाही वर न्या, 6000 भागिले 30, 200. खरं उत्तर 200.4 च्या जवळ.

गुरुजी: का तसं? गुणाकारात उलट आणि भागाकारात सुलट का?

ताई: भागाकारात वरचा वाढला तर उत्तर वाढतं, खालचा वाढला तर घटतं. एकमेकांची चूक खातात.

गुरुजी: तुला येतं, कारण तू मांडणी करून शिकलीस. सातवीत तुझ्याकडून अपूर्णांकांच्या वह्या भरून घेतल्यात मी. तू आता त्याच्या जिवावर उड्या मारतेस. तुझ्या पोरांना तू नुसती उडी शिकवतेस.

ताई: हे मात्र अर्धं खरं, गुरुजी.

गुरुजी: आता तू अर्धं म्हणायला लागलीस!

ताई: अर्धंच. कारण त्या वह्यांतलं सगळं काही कामाला आलं नाही. लांबलचक भागाकार आला नाही. तुमची पावकी-निमकी आली.

गुरुजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं असणार, हे मी गृहीत धरतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आता ते नाव सांगितलं तर शहरातली पोरं हसतील. महाराष्ट्रातल्या कैक पिढ्यांनी ही उजळणी संध्याकाळी हात जोडून म्हटली, आणि पुढे दशमान नाणी आली (1 एप्रिल 1957) तशी ती हळूहळू शाळेतून निघून गेली. रुपयाचे सोळा आणे गेले तर आण्यांचे पाढे कशाला, असा सरळ विचार झाला. तो फार सरळ झाला असं मला वाटतं.

गुरुजी: साडेबारा टक्के म्हणजे काय?

ताई: दोन आणे. 648 चे साडेबारा टक्के 81.

गुरुजी: साडेसदतीस?

ताई: सहा आणे. 81 च्या तिप्पट, 243.

गुरुजी: पावणेएकोणीस टक्के.

ताई: 18.75. तीन आणे. 640 चे 120. गुरुजी, एक आणा म्हणजे सव्वासहा टक्के हे तुम्ही सांगितलंत त्या दिवसापासून मला टक्केवारीचं गणित लेखी करावं लागलं नाही. तुम्ही ज्याला मांडणी म्हणता ना, त्यात हे कुठेच नाही. ही तोंडी विद्या आहे. बाजारात उभं राहून करायची. आणि तिला अदमासाची बहीण म्हटलं तर तुम्हाला राग यावा?

गुरुजी: पावकी तंतोतंत असते. अदमास तंतोतंत नसतो.

ताई: 37.2 टक्के विचारले तर मी सहा आणे धरते आणि जरा कमी करते. पावकी तंतोतंत, आधार तिचा, पण काम अदमासाचं.

गुरुजी: भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त काय केलं ठाऊक आहे? परिघ आणि व्यास यांचं गुणोत्तर त्यांनी दोन प्रकारे दिलं. 3927 छेद 1250 हे सूक्ष्म. 22 छेद 7 हे स्थूल, व्यवहारापुरतं. 1150 साली! दोन्ही दिलं, आणि कोणतं कुठल्या कामाचं तेही सांगितलं. मी तेवढंच म्हणतो. स्थूल शिकवायला ना नाही, पण ते स्थूल आहे हे पोराला कळलं पाहिजे.

ताई: आणि मी म्हणते, शाळेत निम्मंच शिकवलं जातं. सूक्ष्म तेवढं शिकवतात. स्थूल पोराने परीक्षेच्या आदल्या महिन्यात मोबाईलवर बघायचं.

यावर गुरुजी गप्प बसले नाहीत. गणिताचे शिक्षक अशा वेळी सापळा काढतात.

गुरुजी: एका वस्तूची किंमत आधी 20 टक्के वाढवली, मग 20 टक्के कमी केली. नफा की तोटा?

ताई: तोटा, चार टक्के. हे आता सगळ्यांना पाठ आहे.

गुरुजी: तुला पाठ आहे. जो नुसता अदमास शिकलाय तो म्हणेल, वीस चढले, वीस उतरले, सारखंच. आणि ‘ना नफा ना तोटा’ हा पर्याय तिथे हमखास असतो. दुसरं. जव्हारहून मोखाड्याला गाडी ताशी 40 ने गेली, त्याच रस्त्याने ताशी 60 ने परत आली. सरासरी वेग?

ताई: पर्याय?

गुरुजी: 45, 48, 50, 52.

ताई: 50 हा सापळा. अंतर सारखं, म्हणजे सावकाश जाण्यात जास्त वेळ गेला. जास्त वेळ 40 ने चालली, म्हणून सरासरी 50 च्या खाली. 50 आणि 52 गेले. उरले 45 आणि 48.

गुरुजी: त्यातलं कोणतं?

ताई: ते काढावं लागेल. अंतर 120 किलोमीटर मानू.

गुरुजी: मोखाडा एवढं लांब कधीपासून गेलं?

ताई: मानू म्हटलं, गुरुजी! 40 नेही भाग जातो, 60 नेही. जायला तीन तास, यायला दोन. 240 किलोमीटर पाच तासांत. 48.

गुरुजी: बघ, मानू म्हणालीस. पंधरा सेकंद गेले तुझे.

ताई: गेले. पण ते कुठे घालवायचे हे अदमासाने सांगितलं. बाकीच्या प्रश्नांत वाचवले म्हणून इथे हातात होते. मी पोरांना कधीच सांगत नाही की सगळं अदमासाने सुटतं. मी सांगते, पहिला हात अदमासाचा, तेवढ्यावर भागलं तर पुढे चला. नाही भागलं तर मांडा. आणि वीस टक्क्यांच्या गणितात पोरगं फसलं तर तो अदमास नव्हता. वीस टक्के कशाचे हे त्याने बघितलंच नाही. त्याला मांडणी दिली असती तरी त्याने चुकीचीच मांडली असती.

गुरुजी: निदान मला त्याची चूक वहीत दिसली असती. तुझ्या वहीत दिसत नाही.

हा गुरुजींचा सगळ्यात मोठा मुद्दा, आणि तो सरावाच्या वर्गांत कुणी बोलत नाही. उत्तराचा नुसता आकडा लिहिलेल्या वहीतून शिक्षकाला काही कळत नाही. उत्तर बरोबर आलं तर का आलं, चुकलं तर कुठे. परीक्षेतल्या वेगासाठी वही पुसून टाकली की शिकवणाऱ्याचं हत्यारच जातं. ताईकडे याचं उत्तर लगेच नव्हतं. तिने दुसरीकडून चाल केली.

ताई: आणि गुरुजी, तुम्हाला तुक्का आणि अदमास एकच वाटतो का?

गुरुजी: फरक काय? दोन्हीत खात्री नाही.

ताई: पोलीस भरतीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तिथे कोरं सोडणं हा मूर्खपणा. एमपीएससीच्या पूर्व परीक्षेत चुकलं की पाव गुण जातो. आता चार पर्यायांत डोळे मिटून एक लावला. चारांतून एकदा बरोबर, तीनदा चूक. एक गुण मिळाला, तीन वेळचे पाव पाव मिळून पाऊण गेला. चार प्रश्नांमागे पाव गुण हाती. प्रश्नामागे एक सोळांश.

गुरुजी: एक आणा.

ताई: एक आणा! एवढ्यासाठी कोण बसतं? पण अदमासाने दोन पर्याय उडवले, उरलेल्या दोनांत तुक्का लावला, तर दोनांतून एकदा बरोबर, एकदा चूक. एकातून पाव गेला, पाऊण गुण दोन प्रश्नांमागे. प्रश्नामागे सहा आणे. एका आण्याचे सहा आणे झाले, आणि गणित पूर्ण सुटलेलंही नाही. तुमची पोरं मांडणी अर्धी राहिली की प्रश्न सोडून देतात. अर्ध्या ज्ञानाचे अर्धे गुण त्यांना घेता येत नाहीत.

गुरुजी: हे मला आवडलं नाही, पण खोटं नाही.

ताई: तुम्हाला का नाही आवडलं?

गुरुजी: कारण परीक्षा संपते, बाय. दिवाळी झाली की ही निम्मी गावं वीटभट्टीवर जातात. भिवंडी, वसई. आधी बयाणा घेतलेला असतो, आठवड्याला खर्ची मिळते, आणि पावसाच्या तोंडाला शेवटचा हिशेब होतो. त्या हिशेबात ‘अंदाजे’ हा शब्द कोण वापरतो? शेठ. अंदाजे एवढ्या विटा, अंदाजे एवढी खर्ची. याच जिल्ह्यात लग्नगडी होते. लग्नाला कर्ज काढलं की नवरा-बायको सावकाराच्या घरी राबायला बांधले जायचे, आणि कर्ज कधी फिटलं हे सावकार सांगेल तेव्हा. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ते सगळं लिहून ठेवलंय. 1945 चा वारल्यांचा उठाव झाला तेव्हा ती वेठ मोडली. वनपट्ट्याचं बघ. 2006 च्या कायद्याने जमीन मिळाली, पण कागदावर 27 गुंठे लिहिलं आणि कसतोस एकरभर, तर 13 गुंठे गेले. इथल्या माणसाला दुसऱ्याच्या अंदाजाने पिढ्यान् पिढ्या लुटलंय. म्हणून मी पोरांना म्हणतो, पूर्ण हिशेब कर. पैशापर्यंत कर.

या बोलण्यापुढे 54 सेकंदांचा मुद्दा मला क्षणभर क्षुल्लक वाटला. ताईला वाटला नाही. तिचं माहेर-सासर या भट्ट्यांवर जाऊन आलेलं आहे, असं आपण धरून चालू.

ताई: भट्टीचंच घ्या. समजा 43 दिवस काम झालं, दिवसाला सरासरी 980 विटा, हजारी 800 रुपये. शेठ म्हणाला, अंदाजे तीस हजार होतात. माझा बाप काय करेल? वही नाही, पेन नाही, मुकादम समोर उभा. तुमचा पूर्ण हिशेब तो तिथे कसा करणार?

गुरुजी: 42,140 विटा. 33,712 रुपये.

ताई: तुम्ही केलात. बाप करू शकणार नाही, आणि करेपर्यंत शेठ थांबणार नाही. पण बापाला इतकं आलं पाहिजे: दिवसाला हजाराला थोड्या कमी, 43 दिवस, म्हणजे 43 हजारांना जरा कमी. 43 गुणिले 800, 34,400. त्याहून थोडं खाली. मग तीस हजार कुठून आले? एवढं विचारलं की शेठ वही उघडतो. पूर्ण हिशेब त्याच्यानंतर. तुम्ही म्हणता दुसऱ्याच्या अंदाजाने लुटलं. लुटलं ते आपल्याकडे आपला अंदाज नव्हता म्हणून.

गुरुजी: ...

ताई: बोला ना.

गुरुजी: 980 म्हणजे हजाराला दोन टक्के कमी. 34,400 चे दोन टक्के 688. वजा कर.

ताई: 33,712! तुम्ही पण असंच केलंत मघाशी!

गुरुजी: मग काय 43 ला 980 ने गुणत बसू?

(आता कोण जिंकलं असं विचाराल तर मी हे पान इथे थांबवून दाखवेन. पूर्ण हिशेबाचा आग्रह धरणारा माणूस पूर्ण हिशेब अदमासाच्या वाटेने करतो. त्याला फक्त हे शिकवावं असं कधी वाटलं नाही, कारण ते त्याला इतकं अंगवळणी पडलंय की ते वेगळं काही आहे हेच दिसत नाही.)

गुरुजी: तुला तलाठ्याचा पण फॉर्म भरायचा आहे ना?

ताई: निघाला की भरणार.

गुरुजी: तलाठी झालीस तर पैसेवारीशी गाठ पडेल. पीक शेतात उभं असताना आधी नजरअंदाज पैसेवारी. मग सुधारित. आणि पीक कापणीचे प्रयोग झाले, ठरावीक तुकड्यातलं धान्य कापून, झोडून, वजन करून झालं, की अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळाच्या सवलतींचा विचार होतो. सरकार नुसत्या नजरेवर थांबत नाही.

ताई: आणि नजर टाकल्याशिवाय कापायलाही जात नाही.

गुरुजी: नाही जात. पण नजरअंदाजही लिहून ठेवतात, बाय. कागदावर असतो तो. म्हणून पुढे अंतिम आकडा आल्यावर कळतं की नजर कुठे चुकली. तुझी पोरं अंदाज लिहीतच नाहीत. चुकला तरी त्यांना कळत नाही किती चुकला. नजर सुधारणार कशी?

ताई: ...हे मात्र मी करत नाही.

गुरुजी: कर. वहीत आधी अंदाज लिहायचा. मग पूर्ण गणित. मग दोन्हींत फरक किती आणि कोणत्या बाजूला. सरावाच्या दिवशी घड्याळ बाजूला ठेवून. आणि सराव परीक्षेच्या दिवशी घड्याळ लावून, तेव्हा वाटल्यास नुसता आकडा लिही, मी बोलणार नाही.

ताई: तुम्ही येणार का समाजमंदिरात? पावकी-निमकी घ्यायला?

गुरुजी: पोरं हसतील.

ताई: हसू द्या. साडेबारा टक्के दोन सेकंदांत आले की थांबतील हसायची.

वाद इथे थांबला. मी ताईच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. जी परीक्षा एका प्रश्नाला 54 सेकंद देते, तिच्यासाठी पोराला अदमास न शिकवणं म्हणजे त्याला 1600 मीटर गमबूट घालून धावायला लावणं. पण गुरुजींचा क्रम मला मान्य आहे. ज्याच्या तोंडात पाढे नाहीत त्याला 4987 हा 5000 च्या जवळ आहे हे दिसतं, पुढे 5000 चा पाव किती यावर तो अडतो. आणि हे शिक्षण भरतीच्या वयात, विसाव्या-बाविसाव्या वर्षी सुरू करणं फार उशिराचं आहे. प्राथमिक शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरलाच 75 प्रश्नांना 90 मिनिटं असतात, म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. दहा वर्षांच्या पोरावर घड्याळ तिथेच बसतं.

तेव्हा प्राथमिकला शिकवणाऱ्या गुरुजी-बाईंना, आश्रमशाळेतल्या असोत की जिल्हा परिषदेच्या, एक विनंती. येत्या जूनपासून गणित सोडवण्याआधी त्याचा अंदाज वहीच्या समासात लिहायला लावा, उत्तर आल्यावर शेजारी फरक लिहायला लावा, आणि वही तपासताना तो समासही तपासा. याला नवं पुस्तक लागत नाही, जीआर लागत नाही, आणि समास वहीत आधीच आखलेला असतो.